कुकरातला धूर

आमची गाडी जागा बघून बंद पडायची. पावस गावाच्या रस्त्याला, जिथे दोन्हीकडे काजूची झाडं आणि मध्ये मी एकटी असते, तिथे ती एकदाही बंद पडली नाही. संध्याकाळी सहाला रत्नागिरीत मारुती मंदिरच्या सर्कलला मात्र, मागे एसटी आणि पुढे चार रिक्षा असताना, हमखास. आधी इंजिनाचा आवाज वरखाली व्हायला लागायचा, मग स्टिअरिंग थरथरायचं, आणि मी ब्रेकवर पाय ठेवून थांबले की सगळं गप्प. मग मागून हॉर्न. मग माणसं.

मला गाडी बंद पडण्याचं फारसं वाटत नसे, माणसांचं वाटे. भेळवाला, रिक्षावाले, बँकेतून सुटलेले दोघं, सगळे खिडकीपाशी.

"न्यूट्रल केलंस का?"

"पेट्रोल बघ आधी."

"उतर तू, मी बघतो."

मी उतरायचे. मग कुणीतरी आत बसून दहा मिनिटं किल्ली फिरवत राहायचा, आणि दहा मिनिटांनी गाडी आपोआप सुरू व्हायची. तो उतरून किल्ली माझ्या हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ, काय नव्हतं." मी "थँक्यू" म्हणायचे. इंग्लिश मीडियमच्या शाळेने मला दिलेली ही एक सोय आहे. थँक्यू म्हटलं की पुढे बोलावं लागत नाही.

गाडी बाबांची, चौदा वर्षांची, पांढरी, पेट्रोलवरची. बाबांचे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून ती मी चालवते. पावसच्या अलीकडे आंब्याचा पल्प काढणारा कारखाना आहे, त्याच्या लॅबमध्ये मी काम करते. नमुने घ्यायचे, गोडी आणि आंबटपणा तपासायचा, नोंद करायची. काम मला आवडतं, कारण बाटल्या प्रश्न विचारत नाहीत. पण गाडी गॅरेजला असली की मला आमच्या ऑफिसातल्या एका मॅडमच्या गाडीतून जावं लागे. मॅडम मनाने फार चांगल्या. आमचं घर नाचणे भागात, तिथून कारखान्यापर्यंत एकोणीस किलोमीटर, आणि माझ्या लग्नाचा विषय भाट्याचा पूल यायच्या आत सुरू होई. पुलानंतर माझं वजन. चढ संपला की त्यांचा पुतण्या, जो ठाण्याला असतो.

हा फेब्रुवारी होता. एप्रिलपासून आंब्याचा सीझन सुरू होतो, मग लॅबमधून सुटायची वेळ ठरलेली नसते, आणि एसटी तर ठरलेल्या वेळेलाही येत नाही. गाडी गेली असती तर रोज येऊन-जाऊन अडतीस किलोमीटर मॅडम. मला गाडी हवी होती ती एवढ्यासाठी. दिवसातला तेवढाच तास कुणी माझ्याशी बोलत नाही.

गॅरेज आमच्याच वाटेवर आहे. तिथला मेस्त्री बाबांचा विद्यार्थी. बाबा हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे रत्नागिरीत अर्धी माणसं त्यांना 'सर' म्हणतात आणि मला 'सरांची मुलगी'. मेस्त्री मला काहीच म्हणत नाही. तो माझ्याकडे बघतो आणि बाबांशी बोलतो.

"काय होतंय सर गाडीला?"

"बंद पडते म्हणते ही."

"गरम झाल्यावर पडते," मी म्हटलं.

मेस्त्रीने ऐकलं आणि बाबांना विचारलं, "सर, पेट्रोल कुठं भरता?"

आम्ही गाडी संध्याकाळी त्याच्याकडे ठेवायचो. तो सकाळी आल्यावर ती सुरू करून बघायचा. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी घड्याळासारखी चालायची. तो मग काहीतरी बदलायचाच, कारण काही न बदलता गाडी परत देणं त्याला बरं वाटत नसावं. एकदा प्लग बदलले. एकदा एअर फिल्टर. एकदा थ्रॉटल बॉडी उघडून साफ केली. तिसऱ्या वेळी तो हात पुसत बाबांना म्हणाला, "सर, रागावू नका. गाडीत काय नाय. लेडीज चालवतात ना, क्लच सोडताना पाय घाबरतो."

माझा पाय घाबरत नाही. बाकीची मी घाबरते, पाय नाही. पण हे मी त्याला सांगू शकले नाही. मी दुसरंच बोलले, आणि तेही इतक्या हळू की बाबांना पुन्हा सांगावं लागलं. म्हटलं, कुठूनतरी इंजिन जास्तीची हवा घेत असेल. आत धूर सोडून बघता येतं. मी व्हिडिओ बघितले आहेत.

"धुराची मशीन?" मेस्त्री हसला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे बघून उत्तर दिलं. "ती कोल्हापूरला, मोठ्या शोरूमला. इथं धूर एकच, सायलेन्सरचा."

घरी आल्यावर बाबांनी चपला काढायच्या आत जाहीर केलं. "चिपळूणचा एक माणूस आहे, जुन्या गाड्या घेतो. जशी असेल तशी नेतो. रविवारी येतोय."

"मग मी जाऊ कशी?"

"मॅडम आहेत की तुझ्या. किती चांगल्या आहेत."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिला विचारलंत का?"

"तिला विचारून ती कधी बोलली आहे?"

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, मला रविवारपर्यंत द्या. दोष सापडला तर गाडी विकायची नाही.

"मेस्त्रीला सापडला नाही."

"मला सापडला तर?"

"बघ," बाबा म्हणाले. आमच्या घरात 'बघ' म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. तो सोमवार होता.

कल्पना सोपी आहे. इंजिन चालू असताना ते हवा आत ओढत असतं. फिल्टरच्या पुढे एखाद्या पाइपला भोक असलं तर तिथूनही ओढतं, आणि ती हवा कुणाला दिसत नाही. म्हणून उलटं करायचं. इंजिन बंद ठेवून, हवेची मुख्य वाट बुजवून, आत हळूच धूर फुंकायचा. जिथून धूर बाहेर येईल तिथे भोक. त्याला एक बंद भांडं हवं, त्यात तेल जाळून धूर करणारं काहीतरी हवं, थोडी हवा फुंकणारं काहीतरी हवं आणि एक नळी. व्हिडिओतला माणूस हे सगळं दहा मिनिटांत करतो. त्याला आई-बाबा नसावेत आणि गावही नसावं.

भांड्यासाठी मी माळ्यावरचा जुना तीन लिटरचा कुकर काढला. त्याच्या शिटीच्या जागी नळी बसत होती, सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी धूर करणारी वस्तू बसवता आली असती, आणि हवेसाठी एक भोक मी स्वतः पाडणार होते.

"त्यात परत डाळ शिजणार नाही ना?" आईने विचारलं.

"नाही."

"मग ने. शिटी ठेव, नव्याला बसते."

धूर करायला हवा होता हीटर प्लग. डिझेलच्या गाडीत इंजिन थंड असताना गरम करायला तो असतो. बॅटरी जोडली की टोक लाल होतं. स्पेअर पार्ट्सचं दुकान बंदराकडे जाताना लागतं. दुकानातले चाचा बरीच वर्षं मस्कतला होते. मी दुकानासमोरून दोनदा पुढे गेले आणि तिसऱ्यांदा आत शिरले.

"हीटर प्लग? डिझेल गाडी कधी घेतलीत बेटा? सरांकडं तर पेट्रोल हाय."

"पेट्रोलच आहे."

"मग पेट्रोलला हीटर प्लग कशाला?"

मी सांगितलं. अर्धं सांगून थांबले, कारण इथपर्यंत आलं की लोक हसतात. चाचा हसले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तिकडं आमच्या वर्कशॉपात होती अशी मशीन. मालक हात लावू देत नव्हता." मग खालच्या खणातून एक जुना प्लग काढून त्यांनी फडक्याने पुसला. "ह्यो चालतोय. बॅटरीला लाव, लाल होईल. बोट लावून बघू नको. सगळी पोरं बोट लावून बघतात."

एवढं एक दुकान सोडलं तर बाकी आठवडा वैताग होता. हवेसाठी माशांच्या टाकीला लावतात तो छोटा पंप आणायला गेले. दुकानदाराने विचारलं, मासे कुठले आहेत? मी म्हटलं, मासे नाहीत. तो म्हणाला, मग आधी मासे घ्या, पंप नंतर. मी पंपच घेते आहे म्हटल्यावर त्याने मला माशांशिवाय पंप लावल्यावर काय नुकसान होतं ते पाच मिनिटं समजावलं. मी अजूनही त्यावर विचार करते.

तेलासाठी मात्र मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. व्हिडिओतला माणूस बेबी ऑइल वापरतो; त्याचा धूर दाट आणि पांढरा होतो. मी कामावरून येताना घराजवळच्या मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या काकू मला लहानपणापासून ओळखतात.

"बेबी ऑइल. मोठी बाटली. दोन."

काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग जरा खाली. "बाळ कितव्या महिन्याचं?"

"बाळ नाही."

"मग?"

"गाडीसाठी आहे."

काकूंनी दोन्ही बाटल्या कागदात गुंडाळल्या. मी न सांगता. मी घरी पोचेपर्यंत आई दारात उभी होती.

"तू बेबी ऑइल घेतलंस?"

"हो."

"दोन बाटल्या?"

"हो."

"त्यांचा फोन आला होता."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या. तेच तर."

मी कुकर आणून दाखवला. झाकणातून लोंबणारा प्लग, त्याला गुंडाळलेली स्टोव्हची वात, वातीवर ओतलेलं तेल. आईने सगळं नीट पाहिलं आणि म्हणाली, "हे मी त्यांना फोनवर सांगू शकत नाही." त्यानंतर त्या आठवड्यात आमच्याकडे तीन बायका सहज म्हणून येऊन गेल्या.

बुधवारी धूर निघालाच नाही. प्लग लाल होत नव्हता, कारण झाकणाला लागलेला जुना काळा थर विजेला आड येत होता. तो घासण्यात माझी दोन नखं गेली. गुरुवारी धूर निघाला, पण नळी सोडून सगळीकडून: रिंगेतून, पाडलेल्या भोकातून, हँडलच्या स्क्रूमधून. अंगणात इतका पांढरा धूर झाला की शेजारचे काका दगडी गडग्यावरून डोकावले.

"भाजावळ करतेस काय गो अंगणात?"

"नाही, गाडीचं काम आहे."

"गाडी पेटली?"

"नाही."

"मग पेटवतेस काय?"

पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचे ते दिवस, त्यामुळे त्यांना तेवढंच सुचलं. बाबा पडवीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण तो बराच वेळ एकाच पानावर होता.

शुक्रवारी नवीन रिंग आणली, भोकाभोवती पुट्टी लावली, आणि एका जुन्या रबरी नळीला मुद्दाम टाचणी टोचून नळी कुकरला जोडली. टाचणीच्या भोकातून केसाएवढा बारीक धूर सरळ वर गेला. मी कितीतरी वेळ बघत बसले. मला हाक मारावीशी वाटली कुणाला तरी, पण मी मारली नाही.

शनिवारी दुपारी, अर्ध्या दिवसाने घरी येऊन, मी बॉनेट उघडलं. हवा आत जाते त्या मोठ्या पाइपच्या तोंडावर भांडी घासायचा रबरी हातमोजा ताणून बसवला. एक बारीक पाइप काढून तिथे कुकरची नळी जोडली, प्लग बॅटरीला लावला, पंप सुरू केला. मोजा हळूहळू फुगला आणि त्याची पाचही बोटं उभी राहिली. म्हणजे धूर आत जात होता. मी टॉर्च घेऊन वाकले.

काही नाही. एक धागासुद्धा नाही. मी वरून पाहिलं, बाजूने पाहिलं, खाली चटई टाकून आडवी होऊन पाहिलं. बाबा येऊन बॉनेटपाशी उभे राहिले होते. मी इंजिनाच्या मागच्या बाजूला टॉर्च नेला, तर म्हणाले, "तिथे काय असणार? बंद कर आता. बॅटरी उतरेल, मग तो माणूस गाडी सुरूसुद्धा करून बघू शकणार नाही."

वीस मिनिटांनी मी बंद केलं. हातमोजा फुस्स करून बसला.

"झालं समाधान?" बाबांनी विचारलं. चिडवायला नाही, नेहमीपेक्षा मऊ आवाजात. ते मला जास्त लागलं. मी कुकर उचलून मोरीत नेला आणि घासत बसले, जणू त्यात खरंच डाळ लावायची होती.

घासताना मी मनातल्या मनात मेस्त्रीला झापत होते. कितीदा सांगितलं की गरम झाल्यावर पडते. तरी हा माणूस दर वेळी थंड गाडी सुरू करतो, थंड गाडीत दोष शोधतो, आणि म्हणतो काय नाय. तीनदा तेच. चौथ्यांदाही त्याने तेच केलं असतं. हे सगळं म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की गाडी मी आदल्या संध्याकाळी आणून लावली होती, शनिवारी ती वाटेत अडकू नये म्हणून कामाला मॅडमबरोबर गेले होते, आणि आत्ता ज्या इंजिनात धूर सोडला ते चांगलं गार होतं. मी स्वतःशी मोठ्याने एक शब्द बोलले. आईने आतून विचारलं, काय पडलं का.

रविवारी सकाळी सातला मी गाडी काढली. चिपळूणचा माणूस अकराला येणार होता. भाट्याचा पूल ओलांडून अर्ध्या वाटेपर्यंत गेले, वळले, आणि मारुती मंदिरला येऊन मुद्दाम थांबले. आवाज वरखाली झाला, स्टिअरिंग थरथरलं, गाडी बंद पडली. मला इतका आनंद झाला की धावत आलेल्या रिक्षावाल्याकडे बघून मी हसले. तो गोंधळून मागे सरकला. मी ॲक्सिलरेटर दाबून धरला, किल्ली फिरवत राहिले, आणि तिसऱ्या-चौथ्या झटक्याला ती सुरू झाली. तशीच रेस धरून घरी आणली. आई कुकर घेऊन अंगणात उभी होती.

"लवकर," मी म्हटलं. "गार व्हायच्या आत."

मनगटाला दोन ठिकाणी भाजलं. मोजा ताणला, नळी जोडली, पंप लावला. बाबा पडवीतच उभे राहिले, या वेळी जवळ आले नाहीत. मोजा अर्धाच फुगला आणि थांबला. मग इंजिनाच्या मागून, जिथे हात जेमतेम जातो तिथल्या अंगठ्याएवढ्या पाइपवरून, धूर निघाला. बारीक, मग चांगला जाड. त्या पाइपला काळी टेप गुंडाळलेली होती. टेपच्या कडेतून धूर झिरपत होता.

मी टेप सोडवली. खाली तपकिरी, चिकट, लांबत जाणारं काहीतरी होतं. बोट मागे घेतलं तर वीतभर तार आली. रबर वितळलंय असं मला वाटलं. आई वाकली, तिने बोटाने ते चिमटून पाहिलं आणि म्हणाली, "चीक आहे हा. फणसाचा."

आमच्याकडे फणस फोडला की त्याचा चीक काठीला गुंडाळून ठेवतात. बादली गळायला लागली, माठाला चीर गेली की काठी विस्तवावर धरायची, मऊ झालेला चीक भोकावर लावायचा. गार झाला की घट्ट बसतो, थेंब येत नाही. बादलीला आणि माठाला पुढे कुणी तापवत नाही.

"माझ्या फडताळातली काठी गेली होती," आई सरळ उभी राहत म्हणाली. "मी म्हटलं उंदराने नेली."

आम्ही दोघींनी पडवीकडे पाहिलं.

"उंदरानेच पाइप कुरतडला होता," बाबा म्हणाले. "दोन पावसाळ्यांपूर्वी. गाडी सुरूच होत नव्हती, मेस्त्रीकडे नेणार कशी? तात्पुरतं केलं."

"तात्पुरतं," आई म्हणाली.

"वर्षभर काही झालं नाही. मग विसरलो."

"आणि काल?" मी विचारलं.

"काल आठवलं. तू टॉर्च मागे नेलास तेव्हा. पण धूर आला नाही. मला वाटलं, टिकला आहे, म्हणजे दोष दुसरीकडे असेल."

"बाबा, तुम्ही विज्ञान शिकवत होतात."

"चांगलं शिकवायचो."

"उष्णतेने पदार्थ मऊ होतात, हे कितवीत असतं?" आईने विचारलं.

"सहावीत," बाबा म्हणाले. विचारलं की उत्तर द्यायची सवय अजून गेलेली नाही. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, "मेस्त्रीला सांगू नकोस. त्याला सहावीत शिकवायला मीच होतो."

मला काय काय बोलायचं होतं. सहा महिने सर्कलला उभी होते ते, प्लग आणि फिल्टर, मॅडमचा पुतण्या, मेडिकलच्या काकू. पण अकराला माणूस येणार होता. मी पाइप उपसून काढला, तुकडा पिशवीत टाकला आणि शेजारच्या काकांची स्कूटर मागून चाचांच्या दुकानात गेले. चाचांनी पिशवीत डोकावून बघितलं, चीक बोटावर घेतला, आणि काहीही न विचारता नवा पाइप आणि दोन क्लिपा दिल्या. अशी माणसं रत्नागिरीत आणखी असती तर मी जास्त बोलले असते.

साडेदहाला पाइप बसला. गाडी सुरू करून मी ती अंगणात तशीच चालू ठेवली. पाच मिनिटं, दहा, वीस. पंखा सुरू झाला, बॉनेटवर हात ठेववेना, आणि आवाज एका सुरात होता. मी बाजूला उभी राहून ऐकत होते तेवढ्यात फाटक वाजलं.

चिपळूणचा माणूस बुटका, पांढऱ्या शर्टातला, घाईतला होता. तो थेट बॉनेटपाशी गेला, कान लावला, सायलेन्सरमागे तळहात धरला. आत बसून रेस केली, सोडली, परत केली. उतरला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"सर, तुम्ही तर बंद पडते म्हणालात. ही तर एकदम टॉप आहे. मी फोनवर बोललो त्याच्यापेक्षा वाढवून देतो. आत्ता कागद करू."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा गाडीकडे बघत होते, आणि तो त्यांचा 'बघ' म्हणतानाचा चेहरा होता. एक आठवडा मी खपले होते ते गाडीला चांगलं गिऱ्हाईक यावं म्हणून, असं मला दिसायला लागलं.

"काम काय केलंत इंजिनाचं?" माणसाने बाबांना विचारलं. "मोठं काही उघडलं नाही ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते घाबरले होते. शाळेत कुणी तपासणीला आलं तरी ते असे दिसत नसत.

"पाइप बदलला," मी म्हटलं. "मी बदलला. आणि गाडी द्यायची नाही. मला लागते ती."

माझा आवाज अंगणभर ऐकू गेला असावा, कारण गडग्यापलीकडचे काका उठून उभे राहिले. माणूस माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "सर, मालक तुम्ही ना?"

"कागदावर," बाबा म्हणाले. "बाकी तिला विचारा."

त्याने विचारलं नाही. चहा घेतला, चिपळूणहून इथवर आल्याचं दोनदा सांगितलं आणि गेला.

सोमवारी सकाळी मी किल्ली घेऊन बाहेर आले तर बाबा पुढच्या सीटवर बसलेले होते. पट्टा लावून.

"मी येतो. गरम झाल्यावर कशी चालते ते बघायला हवं. येताना एसटीने येईन."

एकोणीस किलोमीटर ते बोलत होते. इंजिन हवा कशी ओढतं, हवा जास्त झाली की पेट्रोल कसं कमी पडतं, आणि अशा वेळी आवाज वरखाली का होतो. हे सगळं मी त्यांना गुरुवारी सांगितलं होतं, पेपरच्या पलीकडून. भाट्याच्या चढावर त्यांनी मला गिअर बदलायला सांगितलं. मी बदललेलाच होता.

कारखान्याच्या फाटकाशी मी थांबले आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. बाबाही ऐकत होते. इंजिनाचे फेरे दाखवणारी सुई जागची हलत नव्हती.

"चिपळूणवाल्याला सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं. "पाइपाला काय झालं होतं ते."

"त्याने काम काय केलं ते विचारलं. मी सांगितलं, पाइप बदलला."

बाबांनी मान हलवली, गुडघा सांभाळत उतरले, आणि एसटीच्या थांब्याकडे रस्ता ओलांडून निघाले. निम्म्या रस्त्यातून परत आले. मी काच खाली केली.

"हँडब्रेक ओढ," ते म्हणाले.

मी त्यांना ओढलेला हँडब्रेक दाखवला. त्यांनी वाकून खात्री करून घेतली आणि मगच गेले.